चित्रातल्या मुलांची नावे

लहान मुलाचे चित्र समोर आले की आपण समीक्षा बाजूला ठेवतो. किती गोड, किती निरागस, असे म्हणून पुढे जातो. पण मूल स्वतःहून आपले चित्र काढवून घेत नाही. ते कुणीतरी मोठ्या माणसाने काढवून घेतलेले असते. त्याचे पैसे कुणीतरी मोजलेले असतात आणि ते कुणाच्या भिंतीवर किंवा कुणाच्या हातात जायचे हेही आधी ठरलेले असते. म्हणून मुलांच्या चित्राला रेषा-रंगांच्या आधी एक साधा प्रश्न विचारला पाहिजे, असे आम्हाला वाटते. हे चित्र कोणी काढवून घेतले, कोणासाठी घेतले, आणि चित्रातल्या मुलाचे नाव कुणाला माहीत होते काय?

हा प्रश्न भांडगावात बसून सुचावा, याला कारण आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतच्या पुढे आमचे भांडगाव लागते. तिथून चौफुल्याला जाऊन वळले की केडगाव. आज या पट्ट्यात कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, साखर कारखाने आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी हा सगळा अवर्षणाचा प्रदेश होता. त्याच प्रदेशात, रेल्वेची सोय असलेल्या केडगावी, पंडिता रमाबाईंनी जमीन घेतली आणि पुढे तिथे 'मुक्ती सदन' उभे राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली-बायांना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातकडून आणखी शेकडो मुली आल्या. त्या सुमारास मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या दीड हजारांच्या वर गेली होती. रमाबाईंना भूक ऐकून माहीत नव्हती. १८७४ साली त्यांचे स्वतःचे आईवडील उपासमारीनेच गेले होते. तेव्हा केडगावात जे काम झाले त्याच्या मोठेपणाविषयी वाद नाही. त्या कामाचा धर्मांतराशी असलेला संबंध हा वादाचा विषय आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे आम्हाला बोलायचे आहे ते फक्त चित्रांविषयी.

या मुलींची छायाचित्रे काढली गेली. छायाचित्राचा ठसा करून तो मजकुराबरोबर छापण्याचे तंत्र १८९० च्या दशकात रुळले होते. त्यामुळे मिशनऱ्यांची पुस्तके, अहवाल आणि परदेशी साप्ताहिके यांतून दुष्काळातल्या हिंदुस्थानी मुलांचे चेहरे हजारो मैल दूर पोहोचू लागले. या छायाचित्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. पहिला, मुली नुकत्याच आल्या वेळचा: बरगड्या मोजता याव्यात अशी शरीरे, खोल गेलेले डोळे, अंगावर मिळेल ते कापड. दुसरा, काही काळानंतरचा: ओळीने बसवलेल्या मुली, एकसारखे स्वच्छ कपडे, विंचरलेले केस. पहिले चित्र गरज सांगते, दुसरे चित्र दिलेल्या पैशाचे काय झाले ते सांगते. देणगीदाराला ही दोन्ही चित्रे हवी असतात. खाली ओळ असते ती बहुधा 'दुष्काळातून आणलेल्या मुली' अशा अर्थाची. काही मुलींच्या हकिकती नावानिशी लिहिल्या गेल्या, हे खरे. पण गटाच्या चित्रात बसलेली तिसऱ्या ओळीतली डावीकडून चौथी मुलगी कोण, हे चित्र सांगत नाही. तिचे नाव चित्राच्या कामाचेच नव्हते.

याच्याशेजारी रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांचे प्रसिद्ध छायाचित्र ठेवून पाहावे. मनोरमाचा जन्म १८८१ चा. आईजवळची ती लहान मुलगी एकशे चाळीस वर्षांनंतरही आपल्याला नावाने ठाऊक आहे. रमाबाईंच्या आश्रयाला आलेल्या मुलींनाही आई होतीच, पण ती वाटेत कुठेतरी मेली. मुलाचे नाव चित्रात उतरते ते बहुतेक वेळा आईबापांच्या हातून. ते हात नसले की चित्रात नुसता चेहरा उरतो.

हे अहवाल आणि ही चित्रे जिथे पाहिली जात, त्यांत अमेरिका मोठी होती आणि अमेरिकेत बॉस्टन. 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन' १८८७ साली बॉस्टनला स्थापन झाली. उच्चवर्णीय विधवांसाठी रमाबाई जे सदन काढणार होत्या त्याचा दहा वर्षांचा खर्च उचलण्याचे तिने ठरवले, आणि त्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. अमेरिकेत ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' निघाली. या मंडळांतल्या बाया ज्या घरांत राहत होत्या, त्या घरांतल्या भिंतींवर मुलांची चित्रे होती. ती कशी होती, हे पाहिले म्हणजे केडगावच्या छायाचित्रांचा अर्थ अधिक नीट लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत गावोगाव फिरून माणसांची चित्रे काढणारे चितारी होते. कला-शाळेत न शिकलेले, कुणी पाट्या रंगवणारे, कुणी गाड्या रंगवणारे. त्यांच्या चित्रांना आज 'लोककला' म्हणतात. आपल्याकडे कल्हईवाला किंवा पिंजारी गावात यावा तसे हे यायचे, एखाद्या घरी मुक्काम करायचे आणि घरातल्या माणसांची चित्रे करून पुढच्या गावी जायचे. त्यांच्या मुलांच्या चित्रांत हात लाकडी वाटतात, चेहरा वयापेक्षा मोठा दिसतो, सावली जवळजवळ नसते. मात्र मुलाजवळ काही ना काही असते. फूल, फळ, पुस्तक, मांजर, कुत्रा. अ‍ॅमी फिलिप्स या चिताऱ्याने १८३० ते १८३५ च्या दरम्यान काढलेली लाल झग्यातली मुलगी आज जगप्रसिद्ध आहे. मांडीवर पांढरे मांजर, पायाशी कुत्रा, गळ्यात पोवळ्यांची माळ. १९९८ साली अमेरिकेने तिचे टपाल तिकीट काढले. पोवळे मुलांना इडापिडेपासून राखते अशी त्या लोकांची समजूत होती. आपल्या घरांतले तावीज आणि नजरेचा काळा टिळा आठवला, तर ही माळ आपल्याला परकी वाटणार नाही. ज्या काळात घरोघरी मुले दगावत होती त्या काळच्या आईबापांनी हे रंग मागवले होते. जोसेफ व्हाइटिंग स्टॉक नावाचा चितारी लहानपणी अपघाताने अपंग झालेला होता. त्याच्या रोजनिशीत मेलेल्या मुलांचा चेहरा पाहून काढलेल्या चित्रांच्याही नोंदी आहेत. मूल गेल्यावर चिताऱ्याला बोलावणारे आईबाप होते, एवढे त्यावरून कळते.

इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. फिलिप्सच्या त्या लाल झग्यातल्या मुलीचे नाव आज कुणाला माहीत नाही. चित्र घरातून बाहेर पडले, हातोहात फिरले, आणि नाव मागे राहिले. म्हणजे आईबापांनी काढवून घेतलेल्या चित्रातही नाव आपोआप टिकत नाही. कुणीतरी ते सांगत राहावे लागते, पाठीमागे लिहून ठेवावे लागते.

चिताऱ्याचे नाव टिकण्याची कथा याहून वेगळी. बाल्टिमोरच्या जॉशुआ जॉन्सनने १८०७ च्या सुमारास वेस्टवुड घराण्यातल्या तीन मुलांचे चित्र काढले. ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिघे जवळजवळ सारख्याच पोशाखात उभे, सोबत तोंडात पक्षी धरलेला काळा कुत्रा. या गोऱ्या मुलांची घराणी ठाऊक राहिली, पण त्यांचा चितारी कोण होता हे मात्र १९३९ साली एका संशोधकाने शोधेपर्यंत लोक विसरले होते. जॉन्सन हा एका गुलाम स्त्रीचा आणि एका गोऱ्या माणसाचा मुलगा. बापानेच त्याला विकत घेतले होते आणि १७८२ साली, लोहारकाम शिकत असताना, त्याच्या मुक्ततेची नोंद झाली. १७९८ च्या जाहिरातीत त्याने आपण स्वतःच्या प्रयत्नाने शिकलो आणि वाटेत अडथळे फार आले, अशा अर्थाचे लिहिले आहे. गुलामीतून आलेल्या माणसाने मालकांच्या मुलांचे चेहरे जपले, आणि त्याचे स्वतःचे नाव सव्वाशे वर्षे कुणी जपले नाही.

आता ज्या चित्रासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला त्याकडे येऊ. विल्यम मॅथ्यू प्रायर (१८०६-१८७३) हा बॉस्टनचा चितारी धंद्यात पक्का होता. पैसे कमी असतील तर सावली-छटा न देता सपाट चित्र स्वस्तात मिळेल, अशी त्याची जाहिरात असे. त्याच्या स्वस्त चित्रांच्या मागे चिकटवलेल्या छापील चिठ्ठीवर तासाभराची बैठक आणि चौकट-काच धरून किंमत २ डॉलर ९२ सेंट, असा मजकूर आहे. कलेचा इतका रोखठोक भाव आपल्याला खटकेल, पण याच भावामुळे दुकानदार, कारागीर, छोटे व्यापारी यांच्या मुलांची चित्रे होऊ शकली. सरदार-दरकदारांपुरती असलेली गोष्ट साध्या माणसाच्या आवाक्यात आली.

या प्रायरने १८५४ साली तीन काळ्या मुलींचे चित्र काढले. एलायझा, नेली आणि मार्गारेट कोपलँड. त्यांचे वडील सॅम्युएल कोपलँड बॉस्टन परिसरात जुन्या कपड्यांचा व्यापार करीत. चित्र आज बॉस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. तिघी बहिणी एकमेकींना लागून बसल्या आहेत. अंगावर त्या काळच्या रिवाजाचे, खांदे उघडे ठेवणारे चांगले पोशाख आहेत. शरीरांची ठेवण प्रायरच्या इतर चित्रांसारखीच ठोकळेबाज आहे, पण तीन चेहरे तीन मुलींचे आहेत. एकीला पाहून दुसरीला ओळखता येणार नाही इतके ते वेगळे आहेत. त्यांच्यात केविलवाणे काही नाही आणि उगाच हसवलेलेही काही नाही. गोऱ्या व्यापाऱ्याच्या मुली ज्या पद्धतीने रंगवल्या जात त्याच पद्धतीने या रंगवल्या आहेत, आणि चित्राचे खरे बळ तिथेच आहे.

साल विसरू नये. १८५० साली अमेरिकेत पळालेल्या गुलामांना पकडून परत करण्याचा कायदा झाला होता. १८५४ च्या मे महिन्यात अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलामाला बॉस्टनमध्येच पकडले आणि शहरात प्रचंड निदर्शने होऊनही जूनमध्ये सैनिकांच्या पहाऱ्यात व्हर्जिनियाला परत धाडले. काळ्या माणसाचे स्वातंत्र्य किती पातळ आहे हे त्या शहराने डोळ्यांनी पाहिले. त्याच वर्षी जुने कपडे विकणारा एक काळा बाप आपल्या तीन मुलींना नवे कपडे घालून चिताऱ्यासमोर बसवतो. या कृतीत आम्हाला एक ठाम म्हणणे ऐकू येते. या माझ्या मुली आहेत, यांना नावे आहेत, आणि यांचे चित्र माझ्या घरात लागणार आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक, काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केले, हे आपण शाळेपासून वाचतो. ज्यांच्या मुक्तीसाठी ती अर्पणपत्रिका लिहिली गेली, त्या माणसांच्या घरात मुलींचे चित्र कसे लावले जात होते, हे मात्र आपण क्वचित पाहतो.

कोपलँड बहिणी आणि केडगावच्या मुली यांच्यात पन्नासेक वर्षांचे अंतर आहे. दोन्हीकडे मुली गोऱ्या नाहीत आणि दोन्हीकडे बॉस्टनचा संबंध आहे. कौशल्याच्या दृष्टीने पाहिले तर केडगावचा कॅमेरा प्रायरच्या कुंचल्यापेक्षा कितीतरी अचूक आहे. बरगडी न् बरगडी त्यात आली आहे. तरीही प्रायरच्या ओबडधोबड चित्रात मुली जेवढ्या स्वतःच्या आहेत तेवढ्या त्या छायाचित्रांत नाहीत. पहिले चित्र बापाने मागवले, दुसरे देणगीदारासाठी निघाले, हा फरक त्याच्या मुळाशी आहे. छायाचित्रकाराच्या मनात दया कमी होती असे आम्ही म्हणत नाही. दया भरपूर होती. पण दयेने काढलेल्या चित्रात मूल हे उदाहरण होते, आणि उदाहरणाला नाव लागत नाही.

याच्या उलट बाजूचा मुद्दा मोठा आहे आणि तो टाळता येत नाही. त्या छायाचित्रांनी जीव वाचवले. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' साप्ताहिकाने १९०० साली हिंदुस्थानातल्या दुष्काळासाठी मदत गोळा केली, त्यात उपाशी माणसांच्या छायाचित्रांचा वाटा मोठा होता. 'क्विटो' नावाचे जहाज त्या वर्षी मका भरून मुंबईला आले. भुकेल्या पोराला दाण्याची गरज असते, तेव्हा चित्राखाली नाव आहे की नाही हे विचारणे भरल्या पोटीचे वाटेल. आम्हाला हा आक्षेप मान्य आहे. मदत मागण्यासाठी चित्र काढले म्हणून कुणाला दोष देता येत नाही. पण धान्य संपते आणि चित्र उरते. ज्या मुली जगल्या, मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या, रमाबाईंच्या मराठी बायबलाच्या छपाईत ज्यांचे हात लागले, त्यांचे जगापुढचे चित्र मात्र पुष्कळदा त्या पहिल्या दिवसाचेच राहिले. अक्षर न् अक्षर हाताने जुळवणाऱ्या मुलीचे नाव तिच्या चित्राखाली जुळवलेले नसावे, हे समीक्षेने नोंदवायला हवे.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्याकडे तसवीर हा नाजूक विषय. सजीवाची प्रतिमा करावी की नाही याबद्दल धार्मिक मतभेद आहेत, आणि अनेक घरांत आजही भिंतीवर माणसाचे चित्र लावीत नाहीत. भिंतीवर कुराणातली आयत किंवा काबा-मदिन्याचे चित्र असते. या संकोचाचा आम्हाला आदर आहे. पण ज्या घरांत तो शिथिल झाला तिथे मुलाची पहिली तसवीर बहुधा बिस्मिल्लाख्वानीची किंवा सुन्नतची असते. तालुक्याच्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यासमोर शेरवानी घातलेले, गळ्यात हार घातलेले, भांबावलेले पोर. हात कुठे ठेवायचे हे फोटोग्राफरने सांगितलेले. हा स्टुडिओवाला आपला प्रायरच. त्याचेही दर ठरलेले, त्याचाही पडदा सर्वांना एकच. आणि तरीही ती तसवीर त्या मुलाची असते, कारण ती बापाने काढवून घेतलेली असते आणि घरातली दादी ती दाखवून नाव सांगते.

आता वर्तमानपत्रातली आपली मुले पाहावीत. ईदच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक मराठी वर्तमानपत्रांत एक छायाचित्र येते. गोल टोप्या घातलेली दोन लहान मुले गळाभेट घेत आहेत. वर्षानुवर्षे हेच. चित्र प्रेमाने छापलेले असते, यात शंका नाही. पण खाली त्या मुलांची नावे क्वचितच असतात. ती 'ईद' या शब्दाचे उदाहरण असतात. दुसऱ्या प्रकारचे छायाचित्र दंगलीनंतर येते. जळालेल्या घरासमोर बसलेले मूल. २००२ साली अहमदाबादेत हात जोडून जीव वाचवण्याची विनवणी करणाऱ्या एका शिंप्याचे छायाचित्र जगभर गेले. तो तर प्रौढ माणूस. त्यालाही नंतर बोलावे लागले की या चित्राने माझा पिच्छा पुरवला आहे, ते वापरू नका. मुलाला तर तेही म्हणता येत नाही. अर्थात नाव न छापण्याचे एक योग्य कारणही असते. पीडित बालकाची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मनाई केली आहे आणि ते बरोबर आहे. पण नाव माहीत असून मुलाच्या भल्यासाठी ते झाकणे वेगळे, आणि नाव कुणी विचारलेलेच नसणे वेगळे.

हा लेख साहित्याच्या वार्षिकात का, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर असे की आपले लेखनही मुलांची चित्रे काढीतच असते. गेल्या तीन-चार दशकांतल्या आपल्या कथा-कवितांतली मुले आठवून पाहावीत. गॅरेजमध्ये काळे हात झालेला पोऱ्या, दंगलीत बाप गमावलेली मुलगी, मदरशाच्या ओळीत बसलेली पोरे, तलाकनंतर आईच्या पदराला धरून माहेरी आलेले लेकरू. ही सगळी खरी आहेत, आपल्या गल्ल्यांतलीच आहेत, आणि ती लिहिली गेलीच पाहिजेत. पण त्यांतली किती मुले कोपलँड बहिणींसारखी रंगवलेली आहेत आणि किती केडगावच्या ओळीतल्यासारखी? कथेत मुलाला नाव असते, पण पुष्कळदा ते कुणालाही चालेल असे असते. त्याला आवडीची वस्तू नसते, भांडण नसते, खोडी नसते. ते रडते आणि कथेचा मुद्दा सिद्ध करून निघून जाते. असे मूल आपण कुणासाठी लिहितो? बहुसंख्य वाचकाच्या मनात कणव यावी म्हणून लिहिले असेल, तर आपणही देणगीदारासाठीच चित्र काढतो आहोत. आपल्या माणसांनी आपली मुले ओळखावीत म्हणून लिहिले, तर ते मूल आपोआप वेगळे होईल. त्याच्या पायाशी कुत्रा येईल, त्याच्या हातात पतंगाची फिरकी येईल, ते बहिणीशी भांडेल.

यातून दुःख टाळा, असा सल्ला निघत नाही. कोपलँडांच्या चित्राबाहेर १८५४ चे बॉस्टन होतेच, आणि बापाला ते ठाऊक होते. त्याने ते संकट मुलींच्या चेहऱ्यावर रंगवायला सांगितले नाही. मुली आधी, संकट नंतर, असा क्रम त्याने लावला. आपल्या लेखकांनी निदान हा क्रम एकदा लावून पाहावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आणि वाचकांसाठी एक साधे काम. घरातल्या पेटीत, कपाटात जुन्या तसविरी असतील. बिस्मिल्लाच्या, शाळेच्या गटाच्या, ईदच्या मेळ्यातल्या. त्यांच्या पाठीमागे पेन्सिलीने मुलांची नावे आणि साल लिहून ठेवावे. दादी-नानी हयात असतील तर आजच विचारावे. गटाच्या फोटोत डावीकडून चौथी कोण, हे सांगणारे माणूस घरात फार दिवस राहत नाही.